अर्ध्या इंचाचा बुश

अनगोळात, मागच्या दारी, धुण्याच्या दगडापासून चार पावलांवर
पत्र्याखाली माझं लेथ.
उद्यमबागेतला कारखाना बंद झाला तेव्हा
लिलावात भंगाराच्या भावानं घेतलं.

निंगव्वा वडगावातनं आली. पदराच्या गाठीत जुना बुश,
कांड्या भरायच्या यंत्राचा, आतून झिजून अंड्यासारखा झालेला.
शाफ्ट नवा घातलाय म्हणाली, तेरा मिलिमीटर.
दुकानात मिळतो तो अर्ध्या इंचाचा.
"भोक तेवढं मोठं करून दे की रे बा."
नवे दोन आणले होते. एक चुकला तर.
शहाणी बाई.

बारा-तेरा थाव काढायचे.
माझ्या हाताला हे म्हणजे नखाची कड.

पण हे ब्राँझ ओतलेलं नव्हे.
भुकटी दाबून, भाजून केलेलं;
अंगभर भोकं, डोळ्याला न दिसणारी,
आणि भोकाभोकात तेल.
शाफ्ट फिरतो, तापतो, तेल वर येतं.
थांबतो, निवतो, तेल परत आत.
वरून कुणी घालायला नको.

लोबो मेस्त्रींच्या हाताखाली शिकलो मी.
त्यांचा एकच कायदा: फिनिशमध्ये तोंड दिसलं पाहिजे.
एकदा माझ्या कामात त्यांना स्वतःच्या मिश्या नीट दिसल्या नाहीत,
तर सबंध लॉट टेबलावरनं ढकलून दिला.
तो आवाज अजून कानात आहे.

म्हणून पहिला बुश मी मेस्त्रींसाठी केला.
बोअर केला, मग बारीक एमरी, मग आणखी बारीक.
असा झळकला की
समोरची खिडकी आत वाकून दिसली.

मुठीत धरला. ऊब दिली.
वाट पाहिली.
अंगठा कोरडाच.
चकाकीनं सगळी तोंडं मिटवून टाकली होती.

"काय करूलालास अजून? भाकरी गार झाली."
आतनं इंदिरा.
मी काय करूलालोय ते मलाच कळत नव्हतं.

दुसरा.
टूल नव्यानं घासलं, नखावरनं पापुद्रा निघेपर्यंत.
पाणी नाही, कूलंट नाही, कोरडंच.
कट इतका हलका की टूल लागलं का नाही
हे कानानं ओळखायचं.
याची कुरळी निघत नाही; मिरपुडीसारखं काहीतरी
खालच्या कागदावर पडत राहतं, पिवळं.
शेवटचा कट घेतला आणि हात पाठीमागे बांधले.
खरंच बांधले. एमरीकडे जातील म्हणून.

बोअर मंद, भाकरीच्या पाठीसारखा.
मेस्त्रींनी फेकलाच असता.

मग इंदिराची जुनी कढई.
"ही आता घरात परत यायची नाही," ती म्हणाली. बरोबर होतं.
तीस नंबरचं तेल, बारीक जाळ. बुश सोडला.
बुडबुडे आले, मोहरीएवढे, मग खसखशीएवढे,
एका जागचे नाहीत, सगळ्या अंगातनं.
एवढ्याशा तुकड्यात इतकी हवा?
जाळ बंद केला. रात्रभर तेलातच ठेवला.
तापताना नाही,
निवता निवता पितो तो.

सकाळी निंगव्वानं न विचारता मुठीत धरला.
माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्या मुठीकडे.
मग बोट उघडून पाहिलं.
"एण्णी कुडदैती," आपल्याशीच.
तेवढं कन्नड मला येतं.
बोटावरचं तेल तिनं टाचेच्या भेगेला पुसलं.

चाळीस म्हणालो, पन्नासची नोट ठेवली,
वर कांडीवरचा हिरवा दोरा, हातभर.
कशाला, कोण जाणे.

पहिला बुश इथंच आहे, खिडकीत.
विजेचं बिल उडू नये म्हणून त्यावर ठेवलाय.
बिल भरायचं झालं की उचलतो,
उचलला की आत डोकावतो.
तोंड दिसतं. जरा लांबट, पण दिसतं.
लोबो मेस्त्री खूश झाले असते.